कमी उंचीवर किनोआचं कुठलं वाण चालतं?

माळरान
नमस्कार मंडळी. आमचं शेत फलटणच्या पूर्वेला, उंची साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर, जमीन हलकी, खाली मुरूम, पाणी विहिरीचं आणि जानेवारीनंतर कमी होत जाणारं. रब्बीला शाळू आणि हरभरा करतो. यंदा दहा-बारा गुंठ्यांवर किनोआ करून बघायचा विचार आहे, विकायला नाही, घरी खायला आणि जमतंय का बघायला. नेटवर शोधलं तर सगळीकडे एकच, हे पीक बोलिव्हिया-पेरूचं, ३८०० मीटरवर होतं, टिटिकाका सरोवराच्या काठचं वगैरे. आणि मग दुसरीकडे बियाणं विकणारे म्हणतात कुठंही येतं, कसंही येतं. दोन्हीत खरं काय? कमी उंचीवर चालणारी वाणं वेगळी असतात का, आणि असली तर नाव काय सांगून मागायचं? दुकानात "किनोआ बियाणं" एवढंच लिहिलेली पुडी मिळते, त्यावर वाणाचं नावच नसतं.

शाळूवाला
वाचतोय. आमच्या गावात एका कंपनीने करार शेती म्हणून दिलेलं, बियाणं त्यांचं, भाव ठरवून घेणार म्हणाले आणि काढणीला फोन उचलेनात. शेवटी पोरांनी पोती नीमचच्या मंडीत नेली, तिथं किनोआचा लिलाव होतो म्हणून कुणीतरी सांगितलं. तेव्हा दादा तुम्ही घरी खायला म्हणताय ते बरंय.

तुरा_आणि_तण
माळरान, चांगला धागा. थोडं सविस्तर लिहितो कारण याच्यावर अर्धवट माहितीच जास्त फिरते.

किनोआचे ढोबळ पाच गट मानतात. एक, टिटिकाकाच्या आसपासच्या पठारावरचा, ३५०० मीटरच्या वर. दोन, दक्षिण बोलिव्हियात उयुनीच्या मिठागरांभोवतीचा, ज्याला तिकडे रेआल म्हणतात, टपोरा पांढरा दाणा. तीन, अँडीजच्या दऱ्याखोऱ्यांतला, अडीच-साडेतीन हजार मीटर, उंच वाढणारा आणि उशिरा तयार होणारा. चार, युंगास म्हणजे डोंगरउतारावरच्या दमट जंगलपट्ट्यातला. आणि पाच, चिलीच्या दक्षिण किनारपट्टीवरचा, अगदी समुद्रसपाटीपासूनचा, तिथले मापुचे लोक पिढ्यानपिढ्या करत आलेत.

आता लोक हे वाचतात आणि म्हणतात, झालं, पाचवा गट समुद्रसपाटीचा, आपण खाली राहतो, तोच घ्या. इथंच घोळ आहे. चिलीचा तो भाग ३४ ते ४० अंश दक्षिणेला आहे, थंड समुद्र, उन्हाळ्यात दिवस पंधरा तासांचा. उंची कमी आहे म्हणून तिथली हवा फलटणसारखी होत नाही! उंची हा नुसता आकडा आहे हो, झाडाला मीटर कळत नाहीत, त्याला दोन गोष्टी कळतात, दिवस किती तासांचा आणि फुलोऱ्यात ऊन किती.

चाकवत_भाजी
तुरा भाऊ मस्त. मला एक विचारायचंय, किनोआ आणि आपला चाकवत एकाच कुळातले ना? पानं तशीच दिसतात.

तुरा_आणि_तण
हो ताई, एकाच प्रजातीगटातले, चेनोपोडियम. कोवळी पानं भाजी करून खाता पण येतात. आणि म्हणूनच ओळीत पेरायचं, फोकून नाही, कारण खुरपायला आलेल्या बायकांना पहिल्या तीन आठवड्यांत किनोआ कुठला आणि चाकवत कुठला सांगताच येत नाही, ओळ दिसली तरच वाचतं. चाकवतावरची नागअळी आणि मावा पण याच्यावर आनंदाने येतात.

कोकणकडा
म्हणजे आम्ही रत्नागिरीवाले अगदी समुद्रसपाटीवर, आम्ही काय करायचं? भात निघाल्यावर ओलीवर वाल-कुळीथ करतो तसा किनोआ टाकला तर? चिलीचं वाण मिळालं तर नाव तर आमच्याच उंचीचं आहे 😀

तुरा_आणि_तण
कोकणकडा, भात कापणीनंतर म्हणजे नोव्हेंबर मध्य धरला तर फुलोरा जानेवारीत येईल, दिवसाचं तापमान तेव्हा तुमच्याकडे तिशीच्या पुढं असतंच, अधूनमधून पस्तिशीलाही टेकतं. दमट हवेत केवडा रोग धरतो तो वेगळाच, पानाच्या वरच्या बाजूला पिवळट-गुलाबी डाग आणि खालून राखाडी बुरशी. उयुनीकडचं रेआल तर कोकणात लावूच नका, ते कोरड्या हवेतलं पीक आहे, केवड्याला लगेच बळी पडतं. दऱ्याखोऱ्यातली वाणं केवड्याला जास्त तग धरतात पण त्यांना दिवस जास्त लागतात, म्हणजे उन्हात सापडणार. खरं सांगू का, कुळीथच करा.

कोकणकडा
बरं 😀 परसात चार झाडं लावीन नि गप बसीन.

दूरदेशी
मी नेदरलँड्समध्ये असते, अलॉटमेंटवर म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या छोट्या तुकड्यावर भाज्या लावते त्यामुळे दुसऱ्या टोकाचा अनुभव सांगते. इथं बऱ्याच जणांनी, मीही त्यात आले, किराण्याच्या पाकिटातला किनोआ भिजवून पेरलेला आहे, उगवतो कारण काही पाकिटांत दाणा नुसता धुतलेला असतो, घासून सोललेला नसतो. आणि मग काय होतं, झाड माणसाच्या उंचीचं, हिरवंगार, बघायला झकास, आणि ऑक्टोबर आला तरी दाणा भरत नाही. कारण इथं जूनमध्ये दिवस जवळजवळ सतरा तासांचा असतो आणि विषुववृत्ताजवळच्या वाणांना बारा तासांची सवय. युरोपातल्या लोकांनी म्हणून चिलीच्या किनाऱ्याचं रक्त घेतलं. इथल्या वाखेनिंगेन विद्यापीठाने कार्मेन, अॅटलस, पास्टो, रिओबांबा अशी वाणं काढली, त्यातली नंतरची कडू नसलेली आहेत. डेन्मार्कमध्ये टिटिकाका, पुनो, विकिंगा. गंमत बघा, टिटिकाका नावाचं वाण डेन्मार्कचं आणि ते सपाटीवरचं, नाव मात्र सरोवराचं! त्यामुळे नावावरून अंदाज बांधू नका.

माळरान
दूरदेशी ताई, धन्यवाद. मग टिटिकाका मागवलं तर आमच्याकडे चालेल? त्याला दिवस लहान-मोठा फरक पडत नाही असं वाचलं.

तुरा_आणि_तण
फरक पडत नाही म्हणजे ते मोठ्या दिवसातही वेळेत फुलतं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांचा. त्यात ते आधीच घाईचं वाण, त्याला थांबायचं कारणच नाही, गुडघ्याएवढं असतानाच तुरा काढतं. तुरा लवकर म्हणजे पानं कमी, पानं कमी म्हणजे दाणा कमी. फायदा एकच पण मोठा, सगळ्यात आधी घरी येतं, शंभर दिवसांच्या आसपास, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलं तर फेब्रुवारी मध्यापर्यंत काढून मोकळे. ज्याच्याकडे जानेवारीनंतर पाणी नाही त्याने हा तोटा सोसावा असं माझं मत. दाट पेरा फक्त, ओळीत रोपं जवळजवळ ठेवा, झाड लहान राहणार आहे हे धरूनच.

याच्या उलट टोकाला पेरूचं आमारिया दे मारांगानी. उत्तम पिवळा दाणा, रोगाला दणकट, पण ते तिकडे पाच-सहा महिने घेतं. खाली उतरवल्यावर पिकायला लागणारे दिवस कमी होतात हे खरं, कारण गरम हवेत सगळंच लवकर उरकतं, तरी आपल्या हिवाळ्यात बसवायला ते लांबच.

वऱ्हाडी_बंडी
आमी अकोल्याकडचे, खारपाण पट्ट्यातले. विहिरीचं पाणी खारं, हरभरा सोडून रब्बीत काई धड येत नाई. किनोआ खाऱ्या जमिनीत येते म्हणतात ते खरं हाय का?

माळढोक
वऱ्हाडी भाऊ, खरं आहे. दुबईत खाऱ्या शेतीवर काम करणारं एक आंतरराष्ट्रीय केंद्र आहे, इक्बा, १९९९ पासूनचं. मी तिकडे नोकरीला होतो तेव्हा त्यांचे प्लॉट बघायला गेलेलो. वाळू, खारं पाणी, ठिबक, आणि त्यात किनोआ उभा. त्यांनी बऱ्याच ओळी तपासून त्यातल्या थोड्या निवडल्यात, क्यू-वन ते क्यू-फाइव्ह अशा नावांनी ओळखतात. आणि लक्षात घ्या तिकडेही पेरणी हिवाळ्याच्या तोंडावरच करतात, उन्हाळ्यात नाही. अक्षांश पंचवीस, उंची जवळजवळ शून्य. म्हणजे "किनोआला उंची लागतेच" हे तिथंच खोटं ठरतं, लागते ती थंडी, मग ती डोंगराची असो की डिसेंबरची.

वऱ्हाडी_बंडी
थंडीचंच तर वांधं हाय ना दादा. कपाशी डिसेंबरपर्यंत उभी राह्यते, त्याच्यानंतर पेरलं तं फुलावर येईस्तोवर फेब्रुवारी संपते आन आमच्याकडं तवा पारा पस्तीसच्या वर. मंग?

तुरा_आणि_तण
मग कपाशीनंतर नकोच. मूग किंवा सोयाबीन निघालेलं रान असेल तिथं ऑक्टोबरच्या शेवटी. तुम्ही म्हणालात तो पस्तीसचा आकडाच कळीचा आहे, त्याच्या पुढं परागकण निकामी व्हायला लागतात, कणीस बाहेरून भरलेलं दिसतं आणि चोळलं की नुसता कोंडा. मोठा दिवस आणि उष्णता एकत्र आली की दाणा भरणंच अडतं, अर्जेंटिनातले संशोधक बेर्तेरो यांनी हे प्रयोगशाळेत दाखवलंय पंचवीसेक वर्षांपूर्वी. आपल्याकडे दिवस लहान असतो हा आपला नशिबाचा भाग, अर्धं संकट टळतं. उरलेलं अर्धं पेरणीच्या तारखेनं टाळायचं.

अजून एक. खारं सोसतं म्हणजे उगवतानाही सोसतंच असं नाही. कोवळ्या रोपाला पहिलं पाणी गोडं देता आलं तर द्या. आणि चोपण जमिनीत पाणी साठून राहिलं की संपलं, किनोआला खार चालतो, साचलेलं पाणी नाही.

रेनियर_व्ह्यू
मी सिअॅटलजवळ राहतो. अमेरिकेचा थोडा भाग जोडतो. इथं किनोआची पहिली मोठी शेती कोलोरॅडोत सॅन लुइस खोऱ्यात झाली, २३०० मीटरच्या आसपास, कारण तेव्हा सगळ्यांना तेच वाटायचं की उंचीच हवी. मग वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने खालच्या भागांत चाचण्या घेतल्या, त्यात टिकलेली बरीचशी चिलीच्या किनाऱ्याच्या वंशातली, काहुइल, लिनारेस, चेरी व्हॅनिला वगैरे. चेरी व्हॅनिला मी घरी लावतो, गुलाबी-क्रीम कणसं, शेजारी फुलझाड समजतात. पण आमच्याकडे उन्हापेक्षा पाऊस नडतो. सप्टेंबरात काढणीच्या वेळी भिजलं की कणसातच मोड येतात, एका रात्रीत, पांढरे शेपटे दिसतात सगळ्या तुऱ्यावर.

शाळूवाला
म्हणजे आपली अवकाळी! फेब्रुवारी-मार्चची गारपीट आली की हरभरा जातो तसाच हाही जाणार.

तुरा_आणि_तण
हो, म्हणून घाईचं वाण. लवकर निघणं हाच कमी उंचीवरचा सगळ्यात महत्त्वाचा गुण असं मी म्हणेन, उत्पन्नाच्या आधी.

रेनियर, कोलोरॅडोवरून आठवलं, तिथल्या विद्यापीठाने आपेलावा नावाच्या बोलिव्हियन वाणातल्या नर-वंध्यत्वावर, म्हणजे झाडाला कामाचे परागकण न येण्याच्या गुणावर, १९९४ मध्ये पेटंट घेतलेलं, बोलिव्हियाच्या शेतकऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर १९९८ मध्ये सोडून दिलं. बोलिव्हिया बियाण्याबाबत हात आखडता घेतं याचं नवल वाटायला नको. विषयांतर झालं, असो.

सुगरण_नागपूर
मला शेतीतलं कळत नाही पण कडूपणाचं विचारते. घरी केलेला किनोआ कडू लागतो म्हणतात तो कुठल्या वाणाचा?

दूरदेशी
सुगरण ताई, दाण्याच्या सालीत सॅपोनिन असतं, रिठ्यासारखा फेस येतो त्याचाच प्रकार. टिटिकाका, पुनो आणि रेआल कडू. पेरूचं साल्सेदो इनिया गोडं, बोलिव्हियाचं साहामा गोडं. घरी तपासायचं असेल तर औषधाच्या रिकाम्या बाटलीत चमचाभर दाणे, अर्धी बाटली पाणी, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवा आणि ठेवा. फेस दोन बोटं उभा राहिला आणि बसेना तर कडू. पटकन विरला तर गोडं. कडू असला तरी फेकायचा नाही, तांदूळ धुतो तसा चोळून चोळून पाच-सहा पाण्यातून काढला की जातो.

माळरान
मग सरळ गोडंच का लावू नये? धुण्याचा व्यापच नको.

तुरा_आणि_तण
पाखरं. गोडा दाणा चिमण्यांनाही गोडाच लागतो. दहा गुंठे, आजूबाजूला सगळ्यांचा शाळू अजून हिरवा आणि तुमचंच एक रान पिकलेलं, म्हणजे गोफण घेऊन माणूस उभा करावा लागेल. कडू वाणावर पण येतात, पण कमी.

तरी साल्सेदो इनियाबद्दल सांगायलाच हवं, कारण पेरूच्या किनाऱ्यावर, अगदी खाली, जी किनोआची लाट आली ती मुख्यतः त्याच्यावर. २०१३ हे किनोआचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, भाव आकाशाला भिडलेला, अरेकीपाच्या वाळवंटात ठिबकवर लोकांनी एकरच्या एकर लावला. मला ती गोष्ट आपल्याला सगळ्यात जवळची वाटते कारण अक्षांश बारा-सोळा, दिवस आपल्यासारखा. डेन्मार्क आणि चिली बघण्यापेक्षा पेरूचा किनारा बघा. उत्पन्न डोंगरापेक्षा दुपटी-तिपटीत निघालं, आणि किडीही तशाच वाढल्या, कारण खाली थंडी नाही म्हणजे किडीला सुट्टी नाही. मग फवारण्या, आणि २०१४ मध्ये अमेरिकेने कीटकनाशकाच्या अंशावरून कंटेनर परत पाठवले. पुढच्या वर्षी भाव कोसळला तो कोसळलाच.

शाळूवाला
कुठलंही पीक घ्या, शेवट तोच 😀

बारामतीकर_अ
माळरान दादा, तुम्ही इतक्या लांब का बघताय? माळेगाव खुर्दला नियाझम आहे ना, अजैविक ताणावरची राष्ट्रीय संस्था, तुमच्यापासून तासाभरावर. मुरमाड, हलक्या जमिनीवर किनोआ घेऊन बघितलाय त्यांनी, पेरणीच्या तारखा पण तपासल्यात. हवा तीच, जमीन जवळपास तीच. तिथल्या शास्त्रज्ञांना जाऊन भेटा, शिवारफेरी असते तेव्हा जा. भारतात प्रसारित झालेलं हिमशक्ती नावाचं वाण आहे त्याचीही चौकशी करा.

तुरा_आणि_तण
+१, हेच लिहिणार होतो. जुन्या कामांपैकी लखनौच्या एनबीआरआय या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचं पण आहे, गंगेच्या मैदानात, उंची जेमतेम सव्वाशे मीटर. तिथं बरेच नमुने एकाच शेतात रब्बीत लावले तर काहींनी हेक्टरी अर्धा टनही दिला नाही आणि काहींनी कित्येक पट दिलं. प्लॉट लहान असतात, तिथलं हेक्टरी उत्पन्न शेतात येत नाही, ते आकडे पाहून हुरळू नका. पण तफावत खरी. जमीन तीच, तारीख तीच, आणि वाण बदललं की पीक आहे किंवा नाही एवढा फरक. म्हणून बिननावाची पुडी घेऊ नका.

रेनियर_व्ह्यू
मी डिसेंबरात येतोय पुण्याला, चेरी व्हॅनिला आणू का मूठभर?

बारामतीकर_अ
नको हो. बियाणं बॅगेतून आणणं कायद्यात बसत नाही, आयात परवाना आणि क्वारंटाइन लागतं. केवड्याची बुरशी बियाण्यावरून येते, एका मुठीपायी रोग आणायचा. संशोधनासाठी हवं असेल तर दिल्लीच्या एनबीपीजीआर म्हणजे पिकांच्या वाणांचा राष्ट्रीय संग्रह ठेवणाऱ्या संस्थेमार्फत संशोधन संस्था मागवतात, आपल्यासारख्यांनी संस्थेकडूनच घ्यावं. आणि तुम्ही डिसेंबरात येणार म्हणजे पेरणी हुकलेलीच.

रेनियर_व्ह्यू
पटलं. फोटो आणतो फक्त.

चाकवत_भाजी
दोन वाणं शेजारी लावली तर मिसळतात का?

तुरा_आणि_तण
बहुतेक स्वपरागीकरण होतं, पण दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत इकडचं तिकडं जाऊ शकतं. खायला काही फरक नाही, बियाणं धरायचं असेल तर मधल्या ओळीतली कणसं निवडायची, कडेची नाही. आणि बियाणं धरताना सगळ्यात मोठं कणीस बघू नका, आपली सवय असते शाळूची, टपोरं कणीस दिसलं की बाजूला काढतो. इथं सगळ्यात आधी पिकलेलं, उभं राहिलेलं, आणि नख मारल्यावर दाणा न दबणारं कणीस धरा. असं दोन-तीन हंगाम केलं तर तुमचं रानच तुमचं वाण निवडतं. साठवताना कोरड्या डब्यात, थंड जागी, किनोआची उगवणशक्ती आपल्या हवेत पटकन जाते, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं पुढच्या वर्षी निम्मंही उगवत नाही.

माळरान
सगळ्यांचे आभार, एवढं कुठल्याच व्हिडिओत मिळालं नव्हतं. पुढच्या आठवड्यात माळेगावला जातो. सध्या असं ठरवतोय, परतीचा पाऊस गेला की, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी, अर्ध्या वाफ्यांत तिथं मिळेल ते चाचणीतलं वाण आणि उरलेल्यात लवकर येणारं एखादं, दोन्हीच्या मध्ये हरभऱ्याच्या चार ओळी. बोटाच्या पेरापेक्षा खोल टाकायचं नाही एवढं वाचलंय. पाभरीने जमेल का हो, दाणा एवढा बारीक?

शाळूवाला
पाभरीने जमायचं नाही, खोल जातंय. बारीक वाळूत नाहीतर चाळलेल्या शेणखतात मिसळून हातानं सरीच्या बगलेला ओळ धरून सोडा नि वरून झाडूने हलकं झाका. लगेच पाणी सोडू नका, आधी ओलवून घ्या रान आणि वाफशावर पेरा. वरून पाणी दिलं तर पापडी धरते आणि कोंब वर येत नाही, राजगिऱ्याला होतं तसंच.

बारामतीकर_अ
आणि पेरायच्या आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. ताजं बियाणं असेल तर दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. सत्तरच्या खाली आले तर ते बियाणं परत करा, पुडी कुणाचीही असो.